जुन्या डिझेल गाडीचा हिशोब

जुनी डिझेल गाडी घ्यायला निघालेला माणूस आणि स्थळ बघायला निघालेला माणूस यांच्यात फारसा फरक नसतो. दोघांनाही समोरचा पक्ष "काही लपवलेलं नाही बरं का" असं सांगतो, दोघांच्याही बरोबर एक जाणकार काका असतो, आणि दोघांचाही खर्च नंतर सुरू होतो. विनोद जाऊ दे. गेले काही दिवस माझ्या डोक्यात हाच विषय घोळतोय, त्यामुळे या पोस्टमध्ये जरा मागे जाऊन बघणार आहे. आपल्याकडे जुन्या डिझेल गाडीला एवढा भाव आला कसा, आणि तो उतरला कसा? गाड्यांची आवड नसलेल्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही, कारण ही गोष्ट जेवढी इंजिनांची आहे तेवढीच सरकारी दरपत्रकाची आहे.

डिझेल महाराष्ट्राच्या खेड्यात रस्त्यावरून आलंच नाही. ते आलं विहिरीवरून. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये खडकीला निघाली आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत जिथे वीज पोचली नव्हती तिथे तिची इंजिनं पोचली. ज्यांचं लहानपण गावात गेलं त्यांना तो ठक-ठक-ठक आवाज अजून ऐकू येत असेल. हँडल मारायचं, वेग आला की डीकॉम्प्रेशनचा खटका सोडायचा आणि बाजूला व्हायचं. ते इंजिन बिघडलं की उचलून तालुक्याला नेणं शक्य नसे, म्हणून गावातच एखादा माणूस ते उघडायला शिके. नोझल साफ करणं, रिंगा बदलणं, वॉल्व्ह घासून बसवणं. माझं आपलं असं मत आहे (चुकीचं वाटलं तर कॉमेंटमध्ये भांडा), की पुढे जुन्या डिझेल गाड्या गावोगाव टिकल्या त्या या विहिरीवरच्या मेकॅनिकांच्या जिवावर. मोटारीच्या आधी मोटार दुरुस्त करणारा तयार होता!

रस्त्यावरच्या प्रवासी गाड्या मात्र तोवर बहुतेक पेट्रोलच्या. १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं, तेलाचे भाव कडाडले आणि पेट्रोल एकदम श्रीमंतांची चीज झालं. महिंद्राने सत्तरच्या दशकात जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं ते चक्क ट्रॅक्टरचं, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ चं. म्हणजे शेतात नांगरट करणारं आणि साहेबाला दौऱ्यावर नेणारं इंजिन एकच. नंतर फ्रान्सच्या प्यूजोकडून परवाना घेऊन त्यांची इंजिनं इथे बनू लागली. ऐंशीच्या सुमाराला हिंदुस्तान मोटर्सने अॅम्बॅसेडरमध्ये १४८९ सीसीचं डिझेल इंजिन घातलं. ताकद सदतीस हॉर्सपॉवरच्या आसपास. घाटात मागच्या माणसांना उतरून ढकलावंसं वाटावं अशी ती चाल, पण टॅक्सीवाल्याला चालीशी काय करायचंय? लिटरमागे किती किलोमीटर आणि लिटरला किती पैसे, एवढंच.

आणि इथे आपली खरी गोष्ट सुरू होते.

पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल यांचे भाव तेव्हा दिल्लीत ठरत. बाजार नव्हे, सरकार ठरवत असे. डिझेलवर ट्रक चालतात, एसटी चालते, शेतीपंप चालतात, म्हणून डिझेल स्वस्त ठेवायचं. पेट्रोल मोटारवाल्यांचं, त्यांना परवडतं, म्हणून ते महाग. हेतू चांगलाच होता. पण स्वस्त डिझेल फक्त शेतकऱ्याच्याच टाकीत जाईल अशी तजवीज कुणी केली नव्हती, करता येणंही कठीण होतं. आकडे बघा. १ एप्रिल २००२ ला दिल्लीत पेट्रोल २६ रुपये ५४ पैसे आणि डिझेल १६ रुपये ५९ पैसे होतं. म्हणजे लिटरमागे दहा रुपयांचा फरक, शिवाय डिझेल इंजिन त्याच लिटरमध्ये जास्त पळतं. (कारण सोपं आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवाच इतकी दाबतात की ती तापून लाल होते आणि तेलाला पेटवते. पेट्रोल इंजिन हवा आठ-दहा पट दाबतं, जुनं डिझेल वीस-बावीस पट. जास्त दाब म्हणजे तेलातून जास्त काम. या दाबासाठी इंजिन जाडजूड करावं लागतं, म्हणून नवी डिझेल गाडी महाग. आणि जाडजूड असल्यामुळेच ती जास्त टिकते.)

आता या तीन गोष्टी एकत्र करा. तेल स्वस्त, इंजिन टिकाऊ, नवी गाडी आवाक्याबाहेर. चौथी गोष्ट आपोआप येते, ती म्हणजे जुनी डिझेल गाडी. ती घेणारा खरं म्हणजे गाडी घेत नव्हता, तो त्या दहा रुपयांच्या फरकात भागीदारी विकत घेत होता.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तर याच्याही पुढे जाऊन गाडी तीच ठेवली आणि पद्मिनीचं पेट्रोल इंजिन उपटून त्या जागी डिझेल बसवलं. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांनी दादर-परळला अशा टॅक्सीतून प्रवास केला असेल त्यांना दातांची थरथर आठवत असेल. सिग्नलला उभी राहिली की आरसा इतका थरथरायचा की मागच्या गाड्या चार-चार दिसायच्या.

आमच्याकडे, म्हणजे विट्याच्या बाजूला, या फरकातून निघालं ते वडाप. मराठवाडा-विदर्भाकडच्या वाचकांनी काळी-पिवळी समजावं, जात तीच. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे ती गावोगाव गेली, हे सगळं खरं. पण मुक्कामाची गाडी सकाळी गेली की दुपारपर्यंत काही नाही, अशी कितीतरी गावं होती. त्या मधल्या रिकाम्या वेळात वडाप जन्मलं. कायद्याने टप्प्याटप्प्याला माणसं चढवायचा-उतरवायचा हक्क एसटीचा. वडापवाला कायद्याबाहेर, पण एसटी स्टँडच्या बाहेर दहा पावलांवर! नऊ जणांच्या गाडीत सतरा-अठरा माणसं, दोघं मागे लटकलेली, टपावर दुधाच्या किटल्या. हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही. अशा गाड्यांच्या अपघातात माणसं गेली, घरं बसली. पण त्याच गाड्यांनी मुली तालुक्याच्या कॉलेजात गेल्या आणि बाळंतिणी वेळेत दवाखान्यात पोचल्या, हेही तितकंच खरं.

या वडापाची राणी म्हणजे ट्रॅक्स. ती बनवायची बजाज टेम्पो, आकुर्डीची. (आपण 'टेम्पो' म्हणतो तो शब्दच मुळात हॅम्बुर्गच्या कंपनीच्या तीनचाकी गाडीचं नाव. एन. के. फिरोदियांनी १९५८ मध्ये ती इथे आणली आणि मराठीला एक सामान्यनाम मिळालं.) ट्रॅक्सच्या बॉनेटखाली असायचं मर्सिडीजच्या ओएम-६१६ घराण्यातलं २.४ लिटरचं इंजिन, परवान्यावर इथेच बनवलेलं. हेच इंजिन १९७३ पासून जर्मनीत मर्सिडीज २४० डी या मोटारीत होतं. ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात ग्रेगोरिओस साचिनिदिस नावाच्या टॅक्सीवाल्याने १९८१ मध्ये १९७६ सालची एक वापरलेली २४० डी घेतली. घेतली तेव्हाच ती दोन लाख वीस हजार किलोमीटर पळालेली होती. २००४ पर्यंत त्याने ती शेहेचाळीस लाख किलोमीटरवर नेली, इंजिनं आलटून-पालटून बसवत. आज ती स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयाच्या मालकीची आहे. आमच्या विटा-खानापूर रस्त्यावरच्या ट्रॅक्स कुठल्याही संग्रहालयात नाहीत, त्या भंगारात गेल्या. पण कुळ तेच.

माझ्या थोरल्या मामांनी अशीच एक ट्रॅक्स १९९७ मध्ये घेतली. तिसऱ्या हाताची, सव्वा लाखाला. निम्मे पैसे पतसंस्थेचे. खानापूर तालुका म्हणजे दुष्काळी पट्टा, शेतात त्या वर्षी काही उरलं नव्हतं. गाडी बघायला गेले तेव्हा मी सुट्टीत होतो, म्हणून मलाही बरोबर घेतलं. त्या दिवशी मामांच्या मिस्त्रीने गाडी तपासली ती पद्धत मला अजून पाठ आहे, आणि तिच्यात एक संपूर्ण काळ साठवलेला आहे असं मला वाटतं.

पहिलं, त्याने बॉनेटवर नुसता तळहात ठेवला. गरम असेल तर मालकाने आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवलीय, म्हणजे थंड असताना ती सुरू होत नाही! हीटर प्लग गेलेले असतील किंवा कॉम्प्रेशन. डिझेलमध्ये दाब कमी झाला की हवा पुरेशी तापत नाही, मग सकाळी धक्का. थंड होती. सुरू केल्यावर धूर बघितला. क्षणभर पांढरा आला तर चालेल, जात नसेल तर तेल नीट पेटत नाहीये. काळा म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी, पंप-नोझलचं काम. निळा म्हणजे इंजिन स्वतःचंच ऑइल पितंय, मग सरळ घरी जायचं. मग इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण काढलं आणि ते तसंच भोकावर उलटं ठेवलं. झाकण नाचायला लागलं तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा-पिस्टन गेले. ते जरासं हललं. मिस्त्री म्हणाला, "दोन वर्षं जातील. मग बोअर करा." मामांनी मान डोलावली, जणू डॉक्टरने दोन वर्षांनी ऑपरेशन सांगितलंय. शेवटी इंजिन बंद करायला चावी फिरवायची नाही, डॅशबोर्डखालची दोरी ओढायची. कारण त्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेशी काही देणंघेणंच नव्हतं. पंपाकडून येणारं तेल तोडलं की ते थांबे, नाहीतर बॅटरी काढून घरी नेली तरी ते चालत राही.

मीटर मात्र त्याने बघितला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "त्यो कुणी बघतंय व्हय?"

मिस्त्रीचा अंदाज सहा महिन्यांनी चुकला, बोअरचं काम अडीच वर्षांनी निघालं. इंजिन उतरवलं विट्यातच, नोझल नाशिकच्या मायकोचे बसवले, आठ दिवसांत गाडी परत रस्त्यावर. त्या ट्रॅक्सवर मामांनी पतसंस्था फेडली, दोन मुलींची लग्नं केली, एका मुलाला आयटीआय केलं. २००९ मध्ये गाडी विकली तेव्हा घेणारा जतचा होता आणि त्यालाही ती वडापालाच हवी होती.

याच काळात शहरात वेगळंच चाललं होतं. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली, १४०५ सीसीच्या डिझेल इंजिनाची, आणि जीप न वाटणारी डिझेल गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. २००७ च्या जानेवारीत स्विफ्ट डिझेल आली. तिचं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. तेच इंजिन पुढे मारुती, टाटा, फियाट अशा इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायला लागले. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं. या इंजिनाने जुन्या डिझेलचा आवाज, धूर आणि आळस घालवला. त्याबरोबर आमचा मिस्त्रीही घालवला. कॉमन रेलमध्ये तेल सोळाशे बार दाबाने येतं आणि ते किती, कधी सोडायचं हे संगणक ठरवतो. झाकण उलटं ठेवून कळण्यासारखं त्यात थोडंच उरलं. लॅपटॉप लावल्याशिवाय निदान नाही आणि इंजेक्टर गावात उघडत नाहीत. शिवाय जुन्या जीपा रॉकेल मिसळलेलं डिझेलही कुरकुरत पचवायच्या. नव्या पंपाला आणि इंजेक्टरना डिझेलचंच वंगण लागतं, भेसळ झाली की ते झिजतात.

२४ मे २०१२ ला दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे झालं, डिझेल होतं ४० रुपये ९१ पैसे. बत्तीस रुपयांचा फरक! त्या सुमाराला देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रवासी गाड्या डिझेलच्या होत्या. शेतकऱ्यासाठी स्वस्त ठेवलेल्या तेलावर मोठाल्या एसयूव्ही फिरत होत्या. मग जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला पन्नास पैशांनी वाढवायला सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचा भाव बाजारावर सोडला. कुणी मोर्चा काढला नाही, कारण नेमकं तेव्हा कच्चं तेल घसरत होतं. इतका मोठा निर्णय इतक्या गुपचूप झालेला मी दुसरा पाहिला नाही. २४ जून २०२० ला तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं, १२ पैशांनी. त्याच वर्षी एप्रिलपासून बीएस-सहा लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या.

धुराचंही सांगायला हवं. मुंबईत १९९९ मध्ये 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम'च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने लाल समिती नेमली आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. दिल्लीत २०१५ मध्ये हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर त्या धोरणात बरेच फेरफार झाले, पण एक परिणाम आपल्यापर्यंत पोचला. ना-हरकत दाखला घेऊन दिल्लीच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकायला आल्या. दिसायला चकचकीत. इथे आणून पुन्हा नोंदणी, कर, एजंटचे हेलपाटे धरले की स्वस्ताई कितपत उरते हे कागद-पेन घेऊन बघावं.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण. मामा २०१६ मध्ये गेले. मामींना गेल्या वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कराडला न्यावं लागतं. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, पहाटे पाचला निघायचं. भाड्याच्या गाडीला पैसे पुरत नाहीत आणि एसटीने परत येण्याइतकं त्राण त्यांच्यात उरत नाही. मामांचा नातू, साताऱ्याला नोकरी करतो, त्याने मला फोन केला. "काका, २०१४ ची स्विफ्ट डिझेल मिळतीय, घेऊ का? आजोबांनी डिझेलवरच घर उभं केलं."

मग मी त्याला हिशोब करायला बसवला. महिन्याला आठशे किलोमीटर. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल-डिझेलमधला फरक साडेतेरा रुपयांच्या आसपास होता. पेट्रोलची गाडी सोळाचं अॅव्हरेज देते आणि डिझेलची वीसचं असं धरलं, तर किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात. महिन्याला सोळाशे, वर्षाला एकोणीस हजार. वाईट नाही. पण २०१२ च्या भावाने हाच हिशोब केला तर डिझेलचा खर्च पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी येत होता, आता तो सत्तर टक्के येतो. आणि चारही इंजेक्टर बदलायची वेळ आली तर दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाईल. शिवाय २०२९ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. मग तपासणी, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर. पुढे ती विकायला काढली तर घेणारा कोण? जतचा वडापवाला ती घेणार नाही.

तो थोडा हिरमुसला. मी त्याला नको असं म्हटलं नाही. म्हटलं, इंजेक्टरची तपासणी आणि लॅपटॉपवरचा रिपोर्ट मालकाच्या खर्चाने नाही, आपल्या खर्चाने, आपल्या माणसाकडून करून घे. आरसी बुकावर बँकेचा बोजा उतरलाय का बघ, विम्यात क्लेम किती झालेत ते विचार. सर्व्हिसची नोंद मिळाली तर मीटरचा खरेपणा कळेल, आजोबांसारखं ते सोडून देऊ नकोस. आणि मालकाला आदल्या रात्री फोन करून सांग, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, पहाटे पाचची गरज आहे आपल्याला. शिवाय त्याच पैशात एक सीएनजीची आणि एक पेट्रोलची, अशा दोन गाड्या बघून ठेव.

फोन स्पीकरवर होता. मामी बाजूलाच पडल्या होत्या, सगळं ऐकत होत्या. तेल, इंजेक्टर, बोजा, कशाबद्दलच त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "येताना मागच्या सीटवर आडवं होता येतं का रे तिच्यात?"

रविवारी तो टेप घेऊन गाडी बघायला जाणार आहे.